कोथरूडचा बंद फ्लॅट: विकण्याआधी काय केलं आणि काय मुद्दाम केलं नाही

कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट. इमारत 1989 ची, तीन मजली, लिफ्ट नाही आणि फ्लॅट सगळ्यात वरचा. वडील आधीच गेले होते. आई गेल्यावर घर दीड वर्ष बंद होतं. वारस दोघं: ताई पुण्यातच, वाकडला, दादा जर्मनीत. दसऱ्यानंतर त्यांनी फ्लॅट विकायला काढला, 92 लाख मागितले. दिवाळीपर्यंत बरीच माणसं बघून गेली आणि हातात ऑफर एकच आली, 78 लाखांची, तीही "जसं आहे तसं घेतो" या बोलीवर.

जुन्या सोसायट्यांमधल्या फ्लॅटांची फेरविक्री हे माझं काम. ताईंनी मला बोलावलं तेव्हा बहीणभावात दोन टोकांची मतं होती. दादाचं म्हणणं, "कशाला त्या घरात आणखी पैसे घालायचे? 78 तर 78, मोकळे होऊ." ताईंना वाटत होतं की नवी टाइल्स, मॉड्युलर किचन, बाथरूम नवं केल्याशिवाय कुणी दारात उभं राहणार नाही. त्यांनी एका इंटिरिअरवाल्याकडून साडेसात लाखांचं कोटेशनही आणून ठेवलं होतं.

मला दोन्ही पटलं नाही. फेरविक्रीच्या घरात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात पहिला प्रश्न असतो तो म्हणजे "इथे माझ्यापासून काय लपवलं जातंय?" या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत त्याला ओटा दिसत नाही, टाइल्स दिसत नाहीत. या फ्लॅटमध्ये तो प्रश्न दारापासूनच उभा राहत होता, म्हणून खर्च कुठे करायचा तेही तिथूनच ठरवायचं होतं.

येणारी माणसं काय बघत होती

जुन्या एजंटाने आणलेल्या दोन कुटुंबांबरोबर मी नुसती उभी राहिले, काही बोलले नाही. दार उघडलं की कुबट, गटारासारखा वास यायचा. बायका आधी थबकायच्या, मग आत यायच्या. हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर आईंचा हार घातलेला मोठा फोटो होता. तो दिसला की आलेली माणसं आवाज खाली आणायची, चपला नीट लावायची आणि दुःखाच्या घरी आल्यासारखी वागायची. कपाट उघडून बघू का, बाथरूमचा नळ सोडून बघू का, हे विचारायचा त्यांना संकोच वाटायचा. ज्या घरात माणसाला नळ सोडून बघता येत नाही, ते घर तो विकत कसं घेणार?

आणि मग मागच्या बेडरूमचं छत. पावसाळ्यात तिथे ओलीचा डाग पडला होता. विक्रीला काढण्याआधी कुणीतरी सल्ला दिला आणि ताईंनी तेवढ्याच जागेवर पांढरा रंग मारून घेतला. पिवळट पडलेल्या जुन्या छतावर तो ताजा पांढरा तुकडा डागापेक्षा जास्त ओरडत होता. दोन्ही कुटुंबांतल्या कर्त्या माणसाने तो पाहिला, बरोबरच्यांकडे बघितलं आणि पुढचे प्रश्न विचारायचं थांबवलं. 78 लाखांची ऑफर देणाऱ्याने तर फोनवर सरळ सांगितलं होतं, "छताचं काम माझ्या डोक्यावर येणार, ते धरून भाव लावलाय." छताच्या कामाला किती लागतील याचा त्याला अंदाज नव्हता, म्हणून त्याने स्वतःच्या सोयीने भरपूर धरले होते.

आधी पाणी

वासाचं कारण अर्ध्या तासात सापडलं. बाथरूम, संडास आणि बाल्कनीच्या मोरीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये थोडं पाणी साठून राहतं आणि तेच पाणी ड्रेनेजच्या पाइपातली हवा घरात येऊ देत नाही. घर महिनोन्महिने बंद राहिलं की ते पाणी उडून जातं आणि सगळ्या इमारतीच्या पाइपाचा वास खोल्यांत पसरतो. ताईंनी इतके दिवस उदबत्त्या, कापूर, रूम फ्रेशनर सगळं करून पाहिलं होतं. प्लंबरने जाळ्या काढून ट्रॅप साफ केले, बेसिनखालचा एक सुकून तडकलेला वेस्ट पाइप बदलला आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवून दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतायचं ठरलं. आठवड्यात वास गेला. खर्च जवळपास शून्य.

छताचं काम तेवढं सोपं नव्हतं. मिस्त्रीला घेऊन गच्चीवर गेलो. त्या बेडरूमच्या बरोबर वर पावसाळी पाइपाचं तोंड होतं, त्यात पालापाचोळा घट्ट बसलेला, आणि शेजारी कठड्याच्या भेगेतून पिंपळाचं रोप हातभर वाढलेलं. पाऊस पडला की पाणी तिथेच तुंबायचं आणि मुळांनी उघडलेल्या भेगेतून खाली उतरायचं. वरून डांबर फासून हे थांबलं नसतं.

गच्ची सोसायटीची. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची गळती आणि छताची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. फ्लॅटच्या आतली इतर कामं सभासदाने स्वतःच्या खर्चाने. सेक्रेटरी काका आधी म्हणाले, "फंड नाही, तुम्हीच करून घ्या, तुमचाच फ्लॅट विकायचाय." त्यांच्याशी भांडून काही हाती लागलं नसतं. ताईंनी फोटो लावून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि इमारतीला तीस वर्षं उलटल्यामुळे दर तीन वर्षांनी करायच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) विषय त्याच अर्जात काढला. ऑडिट मागच्याच वर्षी झालं होतं आणि अहवालात गच्चीच्या पाइपाचं तोंड नावानिशी लिहिलेलं निघालं. पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये काम मंजूर झालं. रोप मुळासकट काढलं, भेग खोलून भरली, पाइपाच्या तोंडाभोवतीचा कोबा फोडून वॉटरप्रूफिंग पुन्हा केलं, वरचा पाइप नवा बसवला.

पण थंडीत केलेल्या कामाची परीक्षा पावसाशिवाय कशी व्हायची? त्यासाठी पाइपाचं तोंड बंद करून, भोवती विटांचा बांध घालून 48 तास पाणी साठवून ठेवलं. खाली छतावर सकाळ-संध्याकाळ हात फिरवून बघितलं, तारीख-वेळ घालून फोटो काढले. छत कोरडं राहिलं. हे फोटो पुढे फार कामाला आले.

मग आतलं काम. छताचा पोकळ वाजणारा गिलावा ठोकून काढला तेव्हा दोन सळ्या गंजलेल्या दिसल्या. तारेच्या ब्रशने गंज काढला, गंजरोधक लावलं, पॉलिमर मिसळलेला माल भरला. इथे ताईंची घाई होत होती, कारण रंगारी मोकळा होता. ओल पूर्ण सुकण्याआधी पुट्टी आणि रंग चढवला की काही महिन्यांत पापुद्रे सुटतात, आणि ते सुटतात नेमके गिऱ्हाइकासमोर. आम्ही तीन आठवडे पंखा लावून, खिडक्या उघड्या ठेवून थांबलो. मग सगळं छत एकाच वेळी रंगवलं, तुकडा नाही.

या ठिकाणी दादाने जर्मनीहून विचारलं होतं, "आता दुरुस्त झालंय ना? मग गिऱ्हाइकाला सांगायचं कशाला?" मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो. दोष दुरुस्त झाला होता, तरी मी सांगायच्याच बाजूची. कायदा बाजूला ठेवला तरी तिसऱ्या मजल्यावरचा गच्चीखालचा फ्लॅट बघायला येणारा प्रत्येक माणूस गळतीचं विचारणारच. त्याला "नाही हो, काही नाही" असं मोघम उत्तर मिळालं की तो शेजाऱ्यांना विचारतो. शेजाऱ्यांकडून कळलेली गळती मालकाने सांगितलेल्या गळतीपेक्षा कितीतरी महाग पडते.

सामान

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो जाणारच होता. आईंनी तीसेक वर्षं जपलेलं घर. माळ्यावर तांब्या-पितळेची भांडी, दिवाणात गाद्या आणि गोधड्या, लोखंडी कपाटात साड्या, स्वयंपाकघरात बरण्यांच्या रांगा. ताई एक डबा उघडायच्या आणि तासभर तिथेच बसायच्या. "आवरून टाका" असं मी एकदाही म्हटलं नाही. विक्रीच्या गडबडीत आईच्या वस्तू हातावेगळ्या करायला लावल्या की त्याचा सल राहतो आणि तो पुढे व्यवहारातही निघतो; सह्यांच्या वेळी भावंडं भांडतात ती भाव कमी आला म्हणून कमी आणि असल्या गोष्टींवरून जास्त.

म्हणून क्रम असा लावला. देव आधी. देवघरातले टाक आणि बाळकृष्ण ताईंनी दिवस बघून, पूजा करून आपल्या घरी नेले. मग फोटो. आईंचा फोटोही ताईंच्या घरी गेला. मग ज्या वस्तूंवरून दोघांत वाद होऊ शकतो त्या, म्हणजे दागिने, चांदी, भांडी, मोठी पातेली. दादाला व्हिडिओ कॉलवर घेऊन यादी केली. त्याला काय हवं असेल असं वाटतं? आजीचं जातं आणि वडिलांची हार्मोनियम. बाकी कशावर त्याने हक्क सांगितला नाही. उरलेलं मग ओळखीच्यांकडे, कामवाल्या मावशींकडे आणि शेवटी भंगारवाल्याकडे गेलं.

घर पूर्ण रिकामं मात्र केलं नाही. रिकामी खोली माणसाला लहान वाटते. पलंग बसेल का, कपाट कुठे लावू, हे भिंतीकडे बघून कळत नाही. मोठ्या बेडरूममध्ये डबल बेड ठेवला, हॉलमध्ये दोन खुर्च्या आणि लाकडी सोफा, स्वयंपाकघरात चौघांचं टेबल. लहान खोलीत पूर्वी दिवाण, शिलाई मशीन आणि ट्रंका असायच्या. ते सगळं काढून एक साधं टेबल, खुर्ची आणि दिवा ठेवला. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर निवृत्त जोडपं येणार नव्हतं. येणार होती ती तिशी-पस्तिशीतली नोकरी करणारी माणसं. वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो 2022 च्या मार्चमध्ये सुरू झाल्यापासून या भागात अशी विचारणा वाढलेली मला दिसते. अशा माणसाला घरून काम करायला जागा हवी असते, म्हणून ती खोली त्याच्यासाठी मांडली.

ज्याला हात लावला नाही

इंटिरिअरवाल्याचं कोटेशन आम्ही बाजूला ठेवलं. जुन्या फ्लॅटचा नवा मालक किचन आपल्या मनाप्रमाणे करूनच घेतो. आपण निवडलेल्या लॅमिनेटचे पैसे तो देत नाही. कडाप्प्याचा ओटा तसाच राहिला. गळके नळ बदलले, सिंकची कड सिलिकॉनने भरली, चिमणीमागची तेलकट भिंत घासून स्वच्छ केली, इतकंच.

फरशीवरून ताईंशी माझी खरी चर्चा झाली. घरभर मोझाइक होतं, राखाडी-पिवळसर, वर्षानुवर्षांच्या फिनाइलने निस्तेज झालेलं. ताईंना त्यावर व्हिट्रिफाइड टाइल्स हव्या होत्या. तशा बसवल्या की जमीन वर येते, सगळ्या दरवाजांना खालून कापावं लागतं, बाथरूमच्या उंबऱ्याची उंची बिघडते आणि जुन्या स्लॅबवर वजन वाढतं. शिवाय मोझाइक मेलेलं नसतं. पॉलिशवाल्याने मशीनला आधी खरखरीत दगड लावला, मग टप्प्याटप्प्याने बारीक, शेवटी चकाकी आणणाऱ्या ऑक्झॅलिक पावडरीचा हात. पहिल्या खोलीचा चिखल धुतल्यावर संगमरवराच्या काळ्या, पांढऱ्या आणि तांबूस कपच्या ओल्या फरशीत लखलखीत दिसल्या आणि ताई टाइल्सचं पुन्हा बोलल्या नाहीत. सफाईला आलेल्या माणसाला मात्र वेळीच थांबवावं लागलं. तो बाथरूमसाठी आणलेलं ॲसिड हॉलमध्येही ओतणार होता. मोझाइकमधल्या संगमरवराला ॲसिड खातं आणि केलेलं पॉलिश एका मिनिटात जातं.

उजेडाला खर्च कमीच लागला. पश्चिमेच्या बाल्कनीला पावसासाठी लावलेलं निळं प्लास्टिक काढलं, कबुतरांची घाण धुऊन जाळी बसवली, खिडक्यांच्या मच्छरजाळ्या बदलल्या. भिंतींना मोत्यासारखा पांढरट रंग. पिवळे पडलेले पियानो स्विच आणि त्यांच्या पट्ट्या बदलल्या, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतलं, जुना फ्यूज काढून एमसीबी बसवला. निळसर पांढऱ्या ट्यूबच्या जागी थोडा उबदार उजेड देणारे एलईडी लावले. जिन्यातला बंद पडलेला दिवा ताईंनी स्वतःच्या पैशाने लावला आणि दुसऱ्या मजल्यावरच्यांना चपलांचं स्टँड आत घ्यायची विनंती केली. तीन मजले चढत येणारा माणूस जिन्यातच निम्मं मत बनवतो. तो जिना सोसायटीचा आहे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करण्यात आपलंच नुकसान.

फाइल

घर चकाचक आणि कागद अर्धवट, अशी घरं मी खूप पाहिलीत. इथे शेअर सर्टिफिकेट अजून वडिलांच्या नावावर होतं. आई नॉमिनी होत्या, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, आणि त्या गेल्यावर दोन्ही मुलांची नावं लावून घेणं भाग होतं. ते काम छत सुकत होतं त्याच काळात झालं. दादाने जर्मनीत कुलमुखत्यारपत्र करून पाठवलं. परदेशात केलेला दस्त इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, ते ताईंच्या वकिलांनी बघितलं. दादा अनिवासी असल्यामुळे त्याच्या हिश्श्यावर घेणाऱ्याने नेहमीचा 1 टक्का टीडीएस कापून भागत नाही, बराच जास्त कापावा लागतो. हे गिऱ्हाइकाला टोकन देताना पहिल्यांदा कळलं तर तो घाबरतो, म्हणून आम्ही ते आधीच एका कागदावर लिहून ठेवलं आणि दादाने कमी दराने कर कापण्याच्या दाखल्यासाठी अर्ज केला.

जुन्या करारनाम्यात फक्त बिल्टअप, म्हणजे भिंती धरून मोजलेलं, क्षेत्र होतं. आजचं गिऱ्हाईक कार्पेट, म्हणजे आतली वापराची जागा, विचारतं. टेपने मोजून साधा नकाशा काढला, प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी लिहिली. त्यामागे मेंटेनन्सच्या पावत्या, मिळकत कराची पावती, ऑडिट अहवाल, सोसायटीचा हस्तांतर प्रीमियम (महापालिका हद्दीत त्याला 25,000 रुपयांची मर्यादा आहे) कोण भरणार याची नोंद, आणि गच्चीच्या कामाचे आधीचे-नंतरचे फोटो. ही फाइल टेबलावर उघडी ठेवायची असं ठरलं.

पुन्हा दाखवायला सुरुवात

मार्चमध्ये, गुढीपाडव्याच्या आधी, फ्लॅट पुन्हा बाजारात आणला. फोटो दुपारच्या उजेडात काढले, खोली फुगवून दाखवणारी लेन्स टाळून. फोटोत मोठी दिसणारी खोली प्रत्यक्षात लहान निघाली की माणूस दारातच फसवल्यासारखा होतो. भेटीच्या वेळा संध्याकाळी चार ते सहा, कारण पश्चिमेचं ऊन तेव्हा हॉलभर येतं. मे महिन्यात तेच ऊन तापतं हेही विचारणाऱ्याला आम्ही सांगत होतो. ताईंना मी एकच सांगितलं होतं: किल्ली द्या, पाणी विचारा आणि बाल्कनीत जाऊन बसा. मालक मागे मागे फिरला की पाहणारा घाईने फिरतो.

ज्यांनी घर घेतलं ते आयटीतलं जोडपं, सोबत मुलीचे वडील. त्या काकांनी मागच्या बेडरूममध्ये उभं राहून विचारलं, "ताई, वर गच्ची ना? गळतं का?"

ताई म्हणाल्या, "गळत होतं. मागच्या पावसाळ्यात इथे डाग होता. काय केलं ते फाइलमध्ये आहे, गच्चीची किल्लीही आहे, वर जाऊन बघा."

काका वर गेले, पाइपाचं तोंड बघितलं, खाली येऊन झाडूच्या दांड्याने छत ठोकून आवाज ऐकला, मग फाइलमधले फोटो एकेक करून पाहिले. त्यानंतर त्यांनी गळतीचा विषय भावात आणला नाही. लिफ्ट नसल्याचा आणला, तो रास्तच होता.

व्यवहार साडेएकोणनव्वद लाखांना ठरला. बँकेच्या व्हॅल्युअरने येऊन बघितलं, त्याचाही अडथळा आला नाही. घरावर झालेला खर्च पावणेदोन लाखांच्या आत होता. त्यात रंगकाम सगळ्यात मोठं, त्यानंतर पॉलिश आणि छताची आतली दुरुस्ती. गच्चीचं काम सोसायटीच्या पैशातून. आधीच्या ऑफरपेक्षा साडेअकरा लाख जास्त मिळाले, पण ते सगळे या खर्चामुळे मिळाले असं मी म्हणणार नाही. पाडव्याच्या सुमारास गिऱ्हाईक जास्त असतं, आणि 78 ची ऑफर मुळात संधी साधून दिलेली होती. माझ्या हिशोबाने खरा फरक पडला तो काका वर जाऊन खाली आले त्या दहा मिनिटांत, आणि ती दहा मिनिटं आधीच्या चार महिन्यांत तयार झाली होती.

ज्यांच्या घरी असाच वारसांचा बंद फ्लॅट आहे त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. सगळा खर्च ताईंनी केला होता, कारण त्या इथे होत्या. काम सुरू व्हायच्या आधीच मी दोघांकडून व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं होतं की खर्चाच्या पावत्या फॅमिली ग्रुपवर टाकायच्या, विक्रीच्या रकमेतून खर्च आधी वजा करून ताईंना द्यायचा आणि उरलेल्याचे दोन समान भाग. ताईंचा रजा टाकून गेलेला वेळ त्यात धरला नव्हता. दादाने हिशोब झाल्यावर आपल्या हिश्श्यातून त्याचे वेगळे पैसे देऊ केले. ताईंनी ते घेतले नाहीत, त्याऐवजी तांब्याचं मोठं घंगाळ मागून घेतलं. ते यादीत दोघांच्याही नावावर लिहिलेलं नव्हतं.